गोंद लावलेला डबा

कुरखेडा
२४ जून २०२४

प्यारी फरहा बेटी,

दुआ. तुझी बडी अम्मी सईदा मजेत आहे, तिचा गुडघा मजेत नाही.

फोनवर हा विषय काढला की तू "हो बडे अब्बा, हो बडे अब्बा" म्हणतेस आणि लगेच विचारतेस, जेवलात का. म्हणून लिहायला बसलो. घरी आपण हिंदी बोलतो, पण कागदावर मला मराठीच येते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत तेवढीच शिकलो, आणि खरं सांगू, रागसुद्धा मला मराठीतच नीट लिहिता येतो.

तुमच्या कंपनीचा डबा पळसटोल्याला आला. तिथला देवाजी तो सायकलला बांधून आधी माझ्या दुकानात घेऊन आला. "नूरभाऊ, पोरीच्या कंपनीनं पाठोलं, पाहून घ्या ना जी." मी सवयीने पेचकस उचलला आणि डबा उलटा केला. एक स्क्रू नाही! चारी बाजूंनी गोंद लावून चिकटवलेला. वर चिठ्ठी: उघडू नये, उघडल्यास कंपनी जबाबदार नाही.

बेचाळीस वर्षं मी या दुकानात बसतो. व्हॉल्व्हचे रेडिओ झाले, टेप झाले, टीव्ही झाले, आता मोबाइल. कितीही नखरेल यंत्र असो, त्याच्या पोटात शिरायला वाट असायचीच. आणि माझ्याच घरच्या पोरीने पाठवलेल्या डब्याला ती नाही?

तीन वर्षांपूर्वी सुट्टीत आली होतीस तेव्हा काय म्हणाली होतीस? आमचा 'हाकारा' खुला प्रोग्राम आहे, ज्याला पाहिजे त्याने उघडून पाहावा, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा, आम्ही कोणाला अडवत नाही. जंगलात हत्ती दिसले की ज्याने पाहिले त्याने बटन दाबायचं, पुढच्या टोल्यांवर, वस्त्यांवर, भोंगे वाजायचे. मी माझ्या कपाटातल्या जुन्या मोबाइलांमध्ये तो प्रोग्राम घातला, भोंगे जोडले, चौदा टोल्यांवर स्वतः लावून आलो. काचा फुटलेले मोबाइल, पण बायांनी त्यांना हळदकुंकू लावलं. ते मोबाइल काढून आता हे चौदा डबे आणले. काऊन? कशासाठी? प्रोग्राम मोकळा सोडता आणि तो ज्यात राहतो त्या डब्याला गोंद फासता, हे कोणत्या शाळेत शिकवतात?

प्रोग्रामवाल्यांनी प्रोग्राम करावा. डबे करायचे असतील तर आधी माझ्यासारख्या चार जणांना विचारावं.

देवाजीला डबा घरात कुठे ठेवायचा ते मी सांगून दिलं. उत्तर लिही. फोन करू नकोस.

तुझा बडे अब्बा
नूर मोहम्मद

*

पुणे
६ जुलै २०२४

बडे अब्बा, सलाम.

पत्र ऑफिसात वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

मागच्या वर्षी धान कापणीच्या आधी खुशालभाऊंच्या टोल्यावर भोंगा वाजला नव्हता, आठवतं? तुम्ही मोबाइल पाहायला गेलात तर तो चालू होता, चार्जही होता. तो फक्त झोपलेला होता. ज्या प्रोग्रामला बराच वेळ कोणी हात लावत नाही, त्याला मोबाइल आपण होऊन झोपवतो, बॅटरी वाचवायला. आम्ही हाकारातून ते थांबवायचा प्रयत्न दोन वर्षं केला. एका कंपनीच्या मोबाइलवर जमलं की दुसरीच्या मोबाइलवर बिघडायचं. मोबाइल आमचे नाहीत, त्यांनी कधी झोपायचं ते त्यांना बनवणारे ठरवतात. आमचा प्रोग्राम कितीही खुला असला तरी तो भाड्याच्या खोलीत राहतो, बडे अब्बा.

शिवाय टॉवर. तुमच्याकडे वादळ आलं की तो आधी जातो. डबा एका टोल्यावरून दुसऱ्या टोल्याशी थेट रेडिओने बोलतो, टॉवर लागतच नाही.

इथे बरेच जण याच्या विरोधात होते. प्लास्टिक, सर्किट, कारखाना, हे आपलं काम नाही, आपण बुडू, असं मीटिंगमध्ये अर्धे लोक म्हणत होते. आमचे प्रमुख प्रफुल सर स्वतः साशंक होते. भांडून भांडून हे पहिले चौदा डबे निघाले आहेत. गोंद तुमच्याकडच्या पावसासाठी आहे. कंपनीने ते विचार करून ठरवलं.

एक मागणं आहे. डबा उघडू नका. तुमचा हात किती शहाणा आहे ते मला ठाऊक आहे. पण उघडल्यावर पाणी गेलं, तर इथे म्हणतील की फरहाच्या काकांनीच पहिला डबा बिघडवला. यंदाचा हंगाम निघू द्या. मला वचन द्या.

बडी अम्मीला सलाम. गुडघ्याचं तेल पाठवते आहे.

फरहा

*

कुरखेडा
२३ सप्टेंबर २०२४

फरहा,

वचन दिलं होतं. पाळलं. त्याचं काय झालं ते आता वाच.

बारा तारखेला पळसटोल्याच्या डब्यावरचा हिरवा दिवा विझला. देवाजी दुसऱ्या दिवशी सकाळीच डबा घेऊन दुकानात. तुमच्या ऑफिसात फोन लावला. एका पोराने गोड आवाजात सांगितलं की डबा कुरियरने पुण्याला पाठवा, दुसरा मिळायला दोन आठवडे लागतील, आणि काका, प्लीज उघडू नका. देवाजी म्हणाला, "दोन हप्ते? हत्तीले सांगू का थांब म्हनून?" पोरगा हसला. देवाजी हसत नव्हता.

कुरियरवाला आठवड्यातून एकदा येतो, तो नुकताच येऊन गेला होता. डबा माझ्या टेबलावर पडून होता. मी रोज त्याच्याकडे पाहायचो आणि रोज पेचकस खाली ठेवायचो, कारण माझ्या भाच्यापुतण्यांत एकच शिकलेली आणि तिने मागणं मागितलं होतं. सईदा म्हणाली, "उघडो ना, किससे डरते?" मी तिच्यावरच ओरडलो.

एकोणीसला दिवस मावळताना कळप नाल्याकडून आला. वरच्या टोल्यावरून बुधूने बटन दाबलं होतं. बाकी सगळीकडे भोंगे वाजले. पळसटोल्यात कोणाला पत्ता नाही. देवाजीची बायको भागीरथा धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर, गवत कापत होती. वर पाहिलं तर समोर हत्ती, मध्ये एकच बांधी. बाई पळाली, धुऱ्यावरून घसरली, पायाचं हाड मोडलं. गावाने आरडाओरडा केला, कळप वळला, म्हणून जिवंत आहे. खाटेवर घालून आणली. आता इथल्या दवाखान्यात आहे, पाय टांगलेला आहे.

सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मी लोखंड कापायचं पातं काढलं आणि तुमचा डबा चारी बाजूंनी कापला. आत काय होतं? बॅटरी फुगून तिने शेजारची तार रेटली होती आणि तारेचं टोक सुटलं होतं. बस. दुसरी बॅटरी लावली, टोकाला सोल्डरिंगचा डाग दिला, हिरवा दिवा लागला. चहा थंड व्हायच्या आत! सात दिवस तो डबा माझ्या हातापासून वीतभर अंतरावर मेलेला पडला होता, आणि त्याला जिवंत करायला चहाइतकाही वेळ लागला नाही. मध्ये काय होतं? तुमचा गोंद, आणि तुझं मागणं.

लाज वाटली पाहिजे तुमच्या त्या कंपनीला. आमच्याकडच्या पावसाचा विचार केला म्हणे! माणसांचा केला का? इथे रस्ता वाहून गेला की गोड बोलणारा पोरगा येतो का डबा बदलायला? जो डबा आमच्याकडच्या दमट हवेत तीन महिने टिकत नाही आणि उघडताही येत नाही, तो बनवणाऱ्यांना एकदा त्या बांधीत उभं करा.

हे पत्र तुझ्या त्या प्रफुल सरांना वाचून दाखव. एक शब्द गाळू नकोस.

नूर मोहम्मद

*

पुणे
१ ऑक्टोबर २०२४

बडे अब्बा, सलाम.

भागीरथाकाकी कशा आहेत? तुमचं पत्र आल्यापासून मला नीट जेवण गेलेलं नाही.

वाचून दाखवलं. उभी राहून, सगळ्या वीस लोकांपुढे, एक शब्द न गाळता. "माणसांचा केला का" इथे प्रफुल सरांनी कागद मागून घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं. मग जे आधीपासून विरोधात होते ते म्हणाले, आम्ही सांगत होतो, प्लास्टिक आपल्याला कळत नाही. तीन महिन्यांत बॅटरी फुगते म्हणजे त्या हवेत आपला डबा टिकतच नाही, उरलेले तेराही असेच फुगतील. पुरावा म्हणून त्यांच्यापुढे तुमचं पत्रच होतं.

ठरलं. कंपनी यापुढे स्वतःचं कुठलंही यंत्र बनवणार नाही. फक्त प्रोग्राम. चौदाही डबे वीस ऑक्टोबरपर्यंत परत मागवले आहेत. टोल्यांवर पुन्हा जुने मोबाइल लावावे असं ठरलं, तुमच्या कपाटात असतीलच.

तुम्ही जूनमध्येच म्हणाला होता की प्रोग्रामवाल्यांनी प्रोग्राम करावा. मी ऐकलं नाही. तुमचं खरं ठरलं. आता तरी राग सोडा.

फरहा

*

कुरखेडा
८ ऑक्टोबर २०२४

फरहा बेटी,

राग सोडू? तुमच्या वीस शहाण्यांनी मिळून हे काय ठरवलं?

डबे परत? आता? धान लोंबीला आलं आहे, आणखी महिनाभराने कापणी. वीस तारखेला डबे गेले की चौदा टोले त्या झोपाळू मोबाइलांच्या भरवशावर. मागच्या वर्षी खुशालच्या टोल्यावर काय झालं ते तूच मला लिहिलंस ना? टॉवर गेला की काय होतं ते मी तुला सांगायचं का? मी डब्याला शिव्या दिल्या त्या त्याला उघडता येत नव्हतं म्हणून. डबा नको असं मी कधी म्हटलं?

बरं, म्हटलं असेल. जूनच्या पत्रात लिहिलं खरं. रागात माणूस एक ओळ जास्त लिहितो. पण एकोणीस तारखेला बाकी तेरा टोल्यांवर भोंगे वाजले ना? टॉवर त्या दिवशी बंद होता, तरी वाजले. तेरा डब्यांनी काम केलं आणि तुम्ही एका फुगलेल्या बॅटरीवरून सगळ्यांना घरी बोलावलं!

तुझं पत्र घेऊन मी तडक दवाखान्यात गेलो. देवाजी भागीरथेला पेज भरवत होता. मी मोठ्याने वाचून दाखवलं, हात आपटून आपटून. म्हटलं, पाहा, यांना काही कळत नाही. भागीरथा ऐकत होती. वाटी बाजूला सारून म्हणाली,

"नूरभाऊ, सारं लिवलं का जी तुमी त्याईले?"

"सारं लिहिलं. एक गोष्ट सोडली नाही."

"चुलीचं लिवलं का?"

देवाजी म्हणाला, "चूप राह्य ना व. भाऊले काऊन तरास देतं?"

"तरास? पाय माहा मोडला, का भाऊचा?" ती माझ्याकडे वळली. "हे त डब्बा कुडावर लावून राह्यले होते. तुमीच त सांगतलं ना जी, पान्यापावसात चुलीवर शिक्यात टांगा म्हनून!"

बेटी, आता मी तेच लिहितो जे मागच्या पत्रात लिहिलं नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात बियाणं, मीठ, आगपेटी, सगळं चुलीवरच्या शिंक्यात टांगतात. धुराची ऊब लागली की ओल धरत नाही. रेडिओचंही तसंच. बेचाळीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो की चार महिने रेडिओ चुलीवर टांगा, दीड हात उंच, आणि ते रेडिओ टिकले. त्यांच्या पाठीला जाळी असायची, ऊब आत जायची आणि बाहेर यायची. मी पळसटोल्यात गेलो, डबा शिंक्यात घातला, हाताने उंची मोजली आणि देवाजीला म्हटलं, आता पाऊस याचं काही बिघडवणार नाही. चारी बाजूंनी चिकटलेल्या डब्यातली बॅटरी रोज दोन वेळा शेकली जाईल, हे मला कळायला पाहिजे होतं. कळलं नाही. बाकी तेरा टोल्यांवर डबा भिंतीवर आहे, कारण तिथे मला कोणी विचारलंच नाही.

फुगलेली बॅटरी दिसल्याबरोबर कारण मला कळलं होतं. झाकणावर चुलीची काजळी होतीच. ती मी फडक्याने पुसली आणि मग तुला पत्र लिहायला बसलो. "आमच्याकडच्या दमट हवेत टिकत नाही" असं लिहिलं.

तुमच्या ऑफिसातून देवाजीला फोन आला होता, डबा कुठे ठेवला होता म्हणून. तो म्हणाला, भिंतीवर. मी तिथेच विचारलं, खोटं काऊन बोललास? तर म्हणतो, "तुमचं नाव काऊन घेऊ जी? बायको पडली ते पडली. तुमचं नाव पाडून तिचा पाय जुडते का?"

म्हणून आता हे पत्रही उभं राहून वाच. सगळ्यांपुढे. कुरखेड्याच्या नूर मोहम्मद रेडिओवाल्याने डबा चुलीवर टांगायला लावला आणि नंतर लपवलं, असं माझ्या नावाने वाच. गाळू नकोस.

पण हेही वाच. चूल माझी चूक होती. ते सात दिवस माझी चूक नव्हती. चुका आमच्याकडेही होतील, तुमच्याकडेही होतील. कोणी चुलीवर टांगेल, कोणाच्या डब्यात मुंग्या जातील, कोणाचं पोर त्यावर पाणी ओतेल. त्या दिवशी जो जवळ आहे त्याला तो उघडता आला पाहिजे. बनवा डबे! तुम्ही नाही बनवले तर ज्यांना आमचे हत्ती कुठे फिरतात तेही ठाऊक नाही, त्यांच्याच यंत्रात तुमचा प्रोग्राम झोपत राहील. पण स्क्रू लावा. साधे, बाजारात मिळणारे.

आणि वीस तारखेला डबे न्यायला कोणाला पाठवू नका. देणार नाही. चौदाही टोले देणार नाहीत, मी विचारून आलो आहे.

बडे अब्बा

*

पुणे
१७ ऑक्टोबर २०२४

बडे अब्बा, सलाम.

वाचलं. काजळी पुसल्याचंही वाचलं.

ज्यांनी डबे बंद करायला लावले होते त्यांतला एक जण लगेच म्हणाला, म्हणजे वापरणाऱ्याची चूक, मग त्या गावाला डबा देऊच नका. मला इतका संताप आला की खुर्ची मागे पडली. मी म्हटलं, चूल काकांची, पण गोंद माझा.

हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. जुलैच्या पत्रात "कंपनीने ठरवलं" असं लिहिलं ना, ते मीच ठरवलं होतं. कागदावर माझी सही आहे. पहिल्या नमुन्याला स्क्रू होते, मी काढायला लावले. पावसाचं कारण खरं होतं, पण रबराची पट्टी लावूनही पाणी थांबलं असतं. खरं कारण वेगळं. चौदा गावांत चौदा माणसं डबे उघडतील, प्रत्येक जण आपल्या मनाने काही जोडेल आणि बिघडलं की फोन मला येईल, याची मला भीती वाटली. म्हणजे तुमच्यासारख्या माणसांची भीती. तुमच्या दुकानात स्टुलावर बसून मी डाग द्यायला शिकले आणि पहिली संधी मिळताच तुमच्यासाठीच दार लावून घेतलं. भागीरथाकाकींना मी काय तोंड दाखवू?

मीटिंग चार तास चालली. सगळे एकमताने उठले असं नाही. दोघांना अजून वाटतं की हे आपलं काम नव्हे, आणि त्यांचं सगळंच चूक आहे असं मला म्हणता येत नाही. प्रफुल सरांनी शेवटी एवढंच मान्य केलं: डबे परत आणायचे नाहीत. या हंगामापुरते चौदाच, पण नवं झाकण, चार साधे स्क्रू, रबराची पट्टी, बॅटरीला वेगळा कप्पा. आतल्या सगळ्या जोडणीचं चित्र प्रोग्रामइतकंच खुलं ठेवायचं आणि मराठीत व गोंडीत छापून डब्यातच घालायचं. हंगाम संपला की पुन्हा बसून ठरवायचं, पुढे बनवायचे की नाही. तोवर कंपनी यंत्र बनवते असं कोणी बाहेर म्हणायचं नाही.

एवढंच मिळालं. मला जास्त हवं होतं.

पहिल्या नमुन्याच्या साच्यातून काढलेली झाकणं घेऊन मी शनिवारी निघते. वडसा स्टेशनवरून बसने येईन. डबे टोल्यांवरून उतरवू नका, एकेक करून तिथेच बदलू, भोंगा एका संध्याकाळीही मुका राहायला नको. पातं तुम्ही चालवा, डाग मी देते. आणि पहिल्यांदा दवाखान्यात जाऊ.

फरहा

*

कुरखेडा
१९ नोव्हेंबर २०२४

प्यारी फरहा बेटी,

तू गेल्यापासून सईदा रोज विचारते की पोरगी एवढी वाळली कशी. मी सांगितलं, मीटिंगा.

काल कळप आला. दिवस अजून होता, गुरं घरी येत होती. वरच्या टोल्यावरून बुधूने बटन दाबलं आणि पळसटोल्यात भोंगा असा वाजला की देवाजीच्या अंगणात बसलेल्या माझ्या हातातली सुपारी पडली. बाया शेतातून परत फिरल्या, माणसं मशाली घेऊन नाल्याच्या बाजूला गेली. भागीरथेला अजून कुबडीशिवाय चालता येत नाही. ती दारात उभी राहून, कोण आलं आणि कोण राहिलं, ते नावं घेऊन मोजत होती. सगळे आले. शेतात एकही माणूस राहिला नाही. कळप नाल्यानाल्याने पलीकडे गेला.

सगळं वाचलं असं समजू नकोस. तिथल्या मुखरूच्या दोन बांध्या तुडवल्या, कापणीला आलेलं धान चिखलात गेलं. हत्तीला भोंगा ऐकून घरी जायचं नसतं, त्याला जेवायचं असतं. पण माणूस एकही पडला नाही.

मध्ये एक डबा बिघडला होता, खुशालच्या टोल्यावरचा. आत मुंग्या. खुशालने स्वतःच चार स्क्रू काढले, चित्र पाहिलं, ब्रशने झटकलं आणि लावून टाकलं. मला दोन दिवसांनी बाजारात सांगितलं, तेही दुसरं काही सांगता सांगता. मला बोलावलंसुद्धा नाही! मला राग यायला पाहिजे होता. आलाही थोडा.

आता दुसरं. डब्यातून भोंग्याकडे जाणारी तार तुम्ही जी दिली आहे ती इतकी बारीक आहे की उंदराने नुसतं पाहिलं तरी तुटेल. आठ टोल्यांवर मी पदरची जाड तार लावली. ही बारीक तार कोणी निवडली? "कंपनीने ठरवलं" असं लिहू नकोस. नाव लिही. आणि हे पत्र पण उभं राहून वाच.

तुझा बडे अब्बा
नूर मोहम्मद